पंचेचाळिसाव्या दिवसाचे अडीचशे रुपये

बाळ जन्मल्यानंतर पंचेचाळिसाव्या दिवशी आशाताईच्या कामाचा हिशेब लागतो. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. दर भेटीत बाळाला काट्याच्या झोळीत घालून वजन घ्यायचं, काखेत थर्मामीटर धरायचा, घड्याळ लावून श्वास मोजायचे, नाळ कोरडी आहे का पाहायचं, आई कशी पाजते ते जवळ बसून बघायचं आणि शेवटी फॉर्म भरायचा. या सगळ्याचे मिळून २५० रुपये. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या या कामासाठी केंद्र सरकारने २०११ साली ज्या मूळ सूचना काढल्या, त्यांत हे पैसे केव्हा द्यायचे याच्या अटी आहेत. जन्माच्या वेळचं वजन नोंदलेलं हवं. बीसीजी, पोलिओ आणि त्रिगुणी लसीचा पहिला डोस झालेला हवा. जन्माची नोंद झालेली हवी. आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत.

शेवटची अट मी पुन्हा पुन्हा वाचली. दीड किलोच्या बाळासाठी एखादी बाई चिखल तुडवत पाच वेळा पाड्यावर गेली, बाळाला उबेत ठेवायला शिकवलं, ताप दिसताच रेफर केलं, आणि तरीही तिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी ते गेलं, तर कागदावर तिची अट पुरी होत नाही. ही अट लिहिणारा माणूस निर्दय होता असं मी म्हणणार नाही. बाळ जगावं हीच त्याची तळमळ होती. नुसत्या भेटींचे पैसे दिले तर भेटी होतील, पण बाळ जगलं की नाही याकडे कोण पाहील, अशी त्याला चिंता असणार. पैसे परिणामाला बांधले की माणूस परिणामासाठी झटेल, असा हा विचार आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत गरीब देशांच्या आरोग्यव्यवस्थेत हा विचार फार दूरवर पोचला. त्याला कामगिरीवर आधारित मोबदला म्हणतात. आफ्रिकेतल्या डोंगराळ देशांपासून कांगोच्या खाणपट्ट्यापर्यंत, कर्नाटकातल्या छोट्या नर्सिंग होमपासून गुजरातच्या आदिवासी तालुक्यांपर्यंत तो वापरून पाहिला गेला, आणि बहुतेक ठिकाणी काळजीपूर्वक तपासलाही गेला. त्या तपासण्यांतून आता पुरेसं कळलेलं आहे. महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशाताई याच पद्धतीवर राबतात. म्हणून मराठी वाचकाने हा विषय परका मानू नये.

*

ही कल्पना जगात गाजली ती रवांडामुळे. १९९४च्या वंशसंहारात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. डॉक्टर आणि नर्सही त्यात गेले, उरलेले पळाले. पुढच्या काही वर्षांत आरोग्य केंद्रांच्या इमारती पुन्हा उभ्या राहिल्या, पण आत काम करणारी माणसं थोडी आणि पगार तुटपुंजा. २००२च्या सुमारास च्यांगुगू आणि बुतारे या भागांत युरोपीय संस्थांनी एक प्रयोग सुरू केला. केंद्राला ठोक मदत देण्याऐवजी त्यांनी सेवेगणिक पैसे द्यायला सुरुवात केली: इतकी बाळंतपणं झाली, इतके, इतक्या मुलांचं लसीकरण पुरं झालं, इतके. सरकारला हे पटलं आणि २००६पासून ही पद्धत देशभर नेण्याचं ठरलं.

दरपत्रक मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा अर्थ त्यात दडलेला आहे. केंद्रात एक बाळंतपण झालं की ४.५९ डॉलर, त्या वेळच्या भावाने दोनशे रुपयांच्या आसपास. अवघडलेल्या बाईला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवलं तरी तेवढेच. गरोदर बाईच्या चारही तपासण्या पुऱ्या झाल्या तर ०.३७ डॉलर, म्हणजे पंधरा-सोळा रुपये. साध्या बाह्यरुग्ण तपासणीचे ०.१८ डॉलर. असे चौदा प्रकार होते. नुसता आकडा फुगवून चालू नये म्हणून जिल्हा रुग्णालयाचं पथक दर तिमाहीला येऊन दर्जाचे गुण देई आणि एकूण रकमेला त्या गुणांनी गुणलं जाई. गुण निम्मे पडले तर पैसेही निम्मे.

या प्रयोगाचा अभ्यास पॉलिन बासिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो २०११मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. १६६ केंद्रं त्यात होती. त्याच सुमारास रवांडाने प्रशासकीय नकाशा नव्याने आखला, १०६ जिल्ह्यांचे ३० झाले, त्यामुळे कुठला जिल्हा कुठल्या गटात हे आधी टाकलेल्या चिठ्ठीप्रमाणे राहिलं नाही. तरीही अभ्यासकर्त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने केली. ज्या केंद्रांना सेवेगणिक पैसे मिळत नव्हते, त्यांनाही सरासरीने तेवढीच वाढीव रक्कम दिली, फक्त ती कामाशी बांधली नाही. त्यामुळे ‘पैसे वाढले म्हणून काम वाढलं’ आणि ‘पैसे कामाला बांधले म्हणून काम वाढलं’ या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता आल्या. आपल्याकडच्या योजनांच्या मूल्यमापनात हा साधा विवेक फार क्वचित दिसतो, आणि त्याची किंमत आपण मोजतो.

निकाल असा लागला. केंद्रातली बाळंतपणं २३ टक्क्यांनी वाढली. दोन वर्षांखालच्या मुलांच्या निरोगीपणाच्या तपासण्या ५६ टक्क्यांनी, दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या १३२ टक्क्यांनी. पण गरोदरपणातल्या चार तपासण्या पूर्ण करणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं नाही, आणि मुलांचं संपूर्ण लसीकरणही नाही.

काही कामं वाढली आणि काही जागची हलली नाहीत, याचं कारण दरपत्रकातच सापडतं. जिथे दर जास्त आणि काम नर्सच्या हातात, तिथे फरक पडला. बाळंतपणासाठी गावात निरोप पाठवता येतो, बाईला थांबवून घेता येतं, रात्री दार उघडं ठेवता येतं. चार तपासण्यांसाठी मात्र बाईने तिसऱ्या महिन्याच्या आसपास स्वतःहून यायला हवं, आणि पुन्हा पुन्हा यायला हवं. शेत, घरातली पोरं, अंतर, सासू, नवऱ्याची परवानगी यांतलं काहीच नर्सच्या ताब्यात नसतं. पंधरा रुपयांनी ते बदलत नाही. मला वाटतं, या एका निरीक्षणात या पद्धतीबद्दलचं अर्धं शहाणपण आहे: जे काम करणाऱ्याच्या हातात आहे त्यालाच पैसा हलवू शकतो.

दुसरं अर्धं शहाणपण त्याच रवांडातल्या पुढच्या अभ्यासात आहे. पॉल गर्टलर आणि क्रिस्टेल व्हेरमीर्श यांनी पाहिलं की नर्सला जे येतं आणि ती प्रत्यक्षात जे करते, यांत मोठं अंतर असतं. रक्तदाब मोजायचा हे तिला माहीत असतं, पण ती मोजत नाही. पैसे कामाला बांधल्यावर हे अंतर कमी झालं, पण ज्यांना मुळात जास्त येत होतं त्यांच्यात जास्त. ज्याला उपचार माहीतच नाही, त्याला बक्षीस दाखवून तो उपचार सुचणार नाही. त्याच्यासाठी शिक्षणच लागतं.

रवांडाने पुढे जी मजल मारली ती खरोखर थक्क करणारी आहे. २००५मध्ये शंभरातली २८ बाळंतपणं दवाखान्यात होत; २०१०मध्ये ६९, आणि २०१४-१५मध्ये ९१. लाख जन्मांमागे मातामृत्यू ७५०वरून २१०वर आले. पण याचं सगळं श्रेय सेवेगणिक पैशाला देणं चूक ठरेल. त्याच काळात तिथे गावोगावी आरोग्यविमा पोचला, परदेशी मदतीचा मोठा ओघ आला, महापौरांनी राष्ट्राध्यक्षांसमोर लेखी वचनं देण्याची ‘इमिहिगो’ ही पद्धत सुरू झाली, आणि गावात राहणाऱ्या ४५ हजारांच्या आसपास आरोग्यसेवकांची फळी उभी राहिली. या सेवकांनाही कामगिरीनुसार पैसे मिळत, पण ते सहकारी संस्थेत जमा होत आणि त्यांतला मोठा भाग संस्था शेती, पशुपालन अशा धंद्यांत घाली. सहकार मुरलेल्या महाराष्ट्रात हा तपशील फारसा कुणी सांगत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

*

रवांडाचा गाजावाजा झाला आणि जागतिक बँकेने हे सूत्र उचललं. नॉर्वे आणि ब्रिटन यांच्या पैशातून २००७मध्ये एक खास निधी उभा राहिला आणि पाहता पाहता तीसच्या आसपास देशांत असे कार्यक्रम सुरू झाले किंवा आखले गेले.

पुढचं चित्र मात्र तितकं उजळ नाही. कांगोच्या कटांगा भागात एलिझ ह्यूइलरी आणि ज्युलिएट सेबां या दोन अर्थतज्ज्ञांनी केलेल्या प्रयोगात एका गटाला सेवांच्या संख्येनुसार पैसे, दुसऱ्याला ठरावीक पैसे. पहिल्या गटातल्या नर्सनी जास्त मेहनत घेतली. त्यांनी फी कमी केली, गावात जाऊन लोकांना बोलावलं. पण लोक वाढले नाहीत. पैसे थांबल्यावर तर आणखी वाईट झालं: ज्यांना कामगिरीवर पैसे मिळत होते, त्यांचा कामातला जीवच कमी झाला. आधी रुग्णासाठी केलेलं काम नंतर पैशासाठी झालं, आणि पैसा गेल्यावर रुग्णासाठीची ती जुनी ओढ परत आली नाही. मदतीवर चालणाऱ्या प्रत्येक योजनेने हा धोका डोळ्यांपुढे ठेवायला हवा, कारण मदत कधीतरी थांबतेच.

कॅमेरूनमध्ये एका गटाला कामगिरीवर, दुसऱ्याला तेवढेच पैसे कामगिरीची अट न घालता दिले. बहुतेक बाबतींत दोघांत फरक दिसला नाही. झांबियातही बिनअटीच्या वाढीव पैशाने जवळपास तसंच काम साधलं. नायजेरियाचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. आदामावा, नासारावा आणि ओंडो या राज्यांत काही केंद्रांना कामगिरीवर पैसे मिळाले, तर काहींना त्याच्या निम्मी रक्कम, पण कामगिरीची अट न घालता थेट केंद्राच्या हाती. दोन्हीकडे सेवा सुधारल्या, आणि निम्म्या पैशातली केंद्रं फार मागे राहिली नाहीत. या सगळ्याचा ताळेबंद मांडणारा अहवाल जागतिक बँकेने २०२२मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला. कामगिरीच्या मोबदल्याने थोडा फायदा होतो, पण थेट केंद्राच्या खात्यात साधा पैसा आणि तो खर्चायची मुभा दिली तर तेवढाच फायदा कमी खर्चात मिळतो, असा त्याचा आशय आहे. ज्या संस्थेने ही पद्धत जगभर नेली, तिनेच हे लिहिलं, हे तिच्या प्रामाणिकपणाचं लक्षण मानलं पाहिजे.

असं का व्हावं? आफ्रिकेतल्या त्या केंद्रांच्या हाती त्याआधी रोख पैसाच नव्हता. औषध संपलं तर अर्ज करायचा, छप्पर गळलं तर वाट पाहायची, मोटरसायकलला पेट्रोल नाही म्हणून गावभेट रद्द करायची. हाती पैसा आला तसे हे अडथळे दूर झाले. बक्षिसाचं गणित त्यापुढे दुय्यम होतं. शिवाय बक्षिसाच्या पद्धतीत मोजणाऱ्यांची एक मोठी यंत्रणा पोसावी लागते: रजिस्टर तपासणारे, रजिस्टरातले रुग्ण खरोखर गावात आहेत का हे घरोघर जाऊन पाहणारे, त्यांच्यावर पुन्हा तपास ठेवणारे. तो खर्च रुग्णापर्यंत पोचत नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा आपल्याकडे उपकेंद्राला आणि गावच्या आरोग्य समितीला वर्षाला दहा-दहा हजार रुपये अबंधित निधी म्हणून देण्याची तरतूद होती. रक्कम लहान, पण विचार तोच. पडदे, बल्ब, पाण्याची टाकी, तातडीच्या गाडीचं भाडं, असं जे अडलं ते आपल्या निर्णयाने दूर करायचं. या निधीकडे आपण दुर्लक्ष केलं. तो वेळेवर न येणं आणि आला तर मार्चअखेर घाईने संपवणं, या दोन्ही सवयींनी एक चांगली गोष्ट निस्तेज केली.

*

आता शेजारच्या राज्यांकडे येऊ. गुजरातने डिसेंबर २००५मध्ये ‘चिरंजीवी’ योजना आणली. आधी बनासकांठा, दाहोद, कच्छ, पंचमहाल आणि साबरकांठा या पाच जिल्ह्यांत, मग राज्यभर. गरीब बाईचं बाळंतपण खासगी डॉक्टरने मोफत करायचं आणि शंभर बाळंतपणांमागे सरकारने त्याला १,७९,५०० रुपये द्यायचे. नैसर्गिक असो की सिझेरियन, दर एकच, म्हणजे विनाकारण पोट फाडण्याचा मोह नाही. शंभरात सात सिझेरियन धरून हा दर बांधला होता. कागदावर आखणी नेटकी होती आणि पहिली काही वर्षं मातामृत्यू घटल्याचे मोठे दावे झाले. पण मनोज मोहनन आणि सहकाऱ्यांनी साडेपाच हजारांच्या आसपास घरांची पाहणी करून २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत लिहिलं, तेव्हा निष्कर्ष वेगळा निघाला. योजनेमुळे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली असं दिसत नव्हतं. ती तशीही सगळीकडे वाढतच होती. कुटुंबाचा खर्चही लक्षणीय कमी झाला नव्हता. डॉक्टरच्या रजिस्टरावरून योजना यशस्वी दिसत होती, घराच्या उंबऱ्यावरून नाही.

शिवाय एकाच दराच्या सौद्यात एक धोका असतोच. जी बाई अवघड, रक्त कमी, आधीचं सिझेरियन झालेली, तिला सरकारी रुग्णालयात पाठवून सोप्या बाया ठेवून घेणं डॉक्टरला परवडतं. त्याला वाईट माणूस असण्याची गरज नाही. हिशेबच तसा आहे.

त्याच मोहनन यांनी ग्रामीण कर्नाटकात खासगी डॉक्टरांबरोबर केलेला प्रयोग मला अधिक आशादायक वाटतो. एका गटाला योग्य कृती केल्याचे पैसे, दुसऱ्याला परिणाम चांगला आल्याचे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, आपल्या देशात बाळंतिणीचा जीव घेणारं एक मोठं कारण, दोन्ही गटांत जवळपास सारखाच कमी झाला. मात्र कृतींचे पैसे देणं बरंच स्वस्त पडलं. परिणामाचे पैसे देताना नशिबाचीही किंमत मोजावी लागते, कारण कुठली बाई रक्त जास्त गमावेल हे डॉक्टरच्या कौशल्याइतकंच दैवावर असतं. जास्त शिकलेल्या डॉक्टरांना परिणामाची अट पेलवली. बाकीच्यांना नेमकं काय करायचं हे सांगितलेलं बरं पडलं. हे रवांडाच्या अनुभवाशी जुळतं. आणि नवजात बाळाच्या त्या अटीलाही हेच लागू होतं. सहा भेटी, वजन, श्वास, ताप, रेफर करणं हे आशाताईच्या हातात आहे. बाळ जगणं पूर्णपणे तिच्या हातात नाही. तेव्हा पैसे भेटींचे द्यावेत, नशिबाचे कापू नयेत.

बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या अर्थतज्ज्ञांनी १९९१मध्येच दाखवून दिलं होतं की एका माणसाकडे अनेक कामं असली आणि त्यांतल्या काहींचंच मोजमाप होत असलं, तर मोजलेल्या कामाला जोरदार बक्षीस लावणं धोक्याचं असतं. लक्ष तिकडे वळतं आणि न मोजलेलं काम मरतं. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. पण हे कळायला भारतीय माणसाला नोबेलची गरज पडू नये. आपण १९७६ पाहिलं आहे.

आणीबाणीच्या त्या वर्षभरात देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. केसमागे पैसे, केसचं उद्दिष्ट, उद्दिष्ट चुकलं तर पगार किंवा बढती अडणं, आणि केस आणायला तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत सगळे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. ग्रामीण दवाखान्यावरचा लोकांचा विश्वास तेव्हा जो उडाला, तो परत मिळवायला पुढच्या पिढीतल्या नर्सना वर्षानुवर्षं घरोघर फिरावं लागलं. १९९६मध्ये सरकारने उद्दिष्टं काढून टाकली, पण केसमागचे पैसे राहिले. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि डझनभराहून अधिक स्त्रिया दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. आकड्याला पैसा आणि धाक दोन्ही बांधले, आणि ज्या बाईवर शस्त्रक्रिया व्हायची तिचं मत मोजलंच नाही, तर काय होतं ते या दोन घटनांत दिसतं.

*

‘आशा’ योजना २००५मध्ये सुरू झाली. हजार लोकवस्तीला एक, त्याच गावची, लग्न झालेली किंवा विधवा, घटस्फोटित अशी, पंचवीस ते पंचेचाळीस वयाची, थोडंफार शिकलेली बाई. छत्तीसगडातल्या ‘मितानीन’ या गावच्या आरोग्यसेविका हा तिचा जवळचा नमुना. त्याही मागे गेलं तर आपल्याच मातीतला जामखेड आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून तिथे निरक्षर, बहुतेक दलित बायकांना गावच्या आरोग्यसेविका केलं. त्यांना पगार नव्हता. पण शिक्षण सतत चालू होतं, आठवड्याला एकत्र बसणं होतं, आणि पोट भरण्यासाठी जोडधंद्याची मदत होती. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवून दाखवले. १९९९मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि आशाताईची आजची घरभेट त्यातूनच जन्मली. त्या यशामागे कसून दिलेलं प्रशिक्षण होतं आणि गावात येऊन शेजारी बसून काम पाहणारा पर्यवेक्षक होता. देशाने घरभेट उचलली, दर ठरवला. पर्यवेक्षणाच्या बाबतीत मात्र गटप्रवर्तक ताईंच्या डोक्यावर इतकी गावं आणि इतके अहवाल टाकले की शेजारी बसायला त्यांना वेळच उरला नाही.

आशाताईचं दरपत्रक रवांडापेक्षा कितीतरी लांब आहे. गरोदर बाईच्या तपासण्या आणि दवाखान्यात बाळंतपण मिळून ६०० रुपये. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पुरं झालं की १००. मलेरियासाठी रक्ताची एक काच काढली की १५. कुष्ठरुग्ण शोधला तर २५०. क्षयरुग्णाला सहा महिने गोळ्या देऊन बरं केलं तर १,०००. लग्नानंतर दोन वर्षं मूल लांबवलं तर ५००. असे किती तरी. आणि त्याशिवाय ज्याचा दर नाही असं काम: रात्री दोन वाजता दार वाजणं, दारूड्या नवऱ्याला समजावणं, मूल गेलेल्या आईजवळ बसणं, आधार कार्डातली चूक दुरुस्त करायला तालुक्याला जाणं, कुणी विचारलं तर कुठल्या दवाखान्यात लुबाडत नाहीत ते सांगणं. गावाच्या दृष्टीने आशाताई म्हणजे हेच दुसरं काम. सरकारच्या दृष्टीने ते नाहीच.

कोविडमध्ये हे उघडं पडलं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घराघरांत जाणाऱ्या याच बायका होत्या. जून २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या. आठवडाभराने मासिक हजार रुपये वाढ आणि पाचशे कोविड भत्ता मिळाला. ऑक्टोबर २०२३मध्ये पुन्हा संप. आश्वासनं मिळाली, शासन निर्णय निघाला नाही, म्हणून जानेवारी २०२४मध्ये पुन्हा. मग मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडणं. मार्च २०२४मध्ये राज्याने आपल्या वाट्याच्या मासिक मोबदल्यात पाच हजारांची वाढ मंजूर केली. केंद्राची नेहमीच्या कामांची ठरावीक रक्कम ऑक्टोबर २०१८पासून महिना २,००० होती. २०२५मध्ये ती ३,५०० केल्याचं संसदेत सांगण्यात आलं. मधल्या काळात, मे २०२२मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी देशभरातल्या दहा लाखांच्या आसपास आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला.

या वाढी महत्त्वाच्या आहेत, कारण महाराष्ट्रात ठरावीक रकमेचा वाटा वाढत चालला आहे. दिशा बरोबर आहे. पण ती प्रत्येक वेळी संप करून, पावसाळ्यात-हिवाळ्यात मैदानावर झोपून मिळवावी लागली, हे राज्याला शोभणारं नाही.

इतर गरीब देशांनी वेगळे रस्ते काढले. पाकिस्तानात १९९४मध्ये सुरू झालेल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ कार्यक्रमातल्या बायकांनी अनेक वर्षं लढा दिला आणि २०१२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपाने त्या नियमित झाल्या. इथियोपियाने २००३पासून गावागावात दोन-दोन आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या, त्या पहिल्यापासून पगारी. ही राष्ट्रं आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत.

मोजमाप नकोच, असं माझं म्हणणं नाही. मोजलं नाही तर आळस आणि अन्याय दोन्ही लपतात. पण कोण मोजतं आणि त्या आकड्याला काय बांधलेलं असतं, यावर सगळं ठरतं. महाराष्ट्रात २००७पासून काही जिल्ह्यांत, पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या पुढाकाराने, आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातले लोक एकत्र बसून आपल्या उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला, मिळणाऱ्या सेवांना चांगलं, बरं, वाईट असे गुण द्यायचे, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. गुणांना पैसे बांधलेले नव्हते. तरी नर्स येऊ लागल्या, बाहेरून औषधं लिहून देणं कमी झालं, बंद खोल्या उघडल्या. लोकांसमोर उभं राहण्याची लाज आणि लोकांनी केलेलं कौतुक, दोन्हींना माणसाच्या मनात पैशाइतकंच वजन आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जिच्यावर गावाचं आरोग्य सोपवलं तिला आधी पोटापुरता, दरमहा ठरल्या तारखेला मिळणारा पगार द्यावा. वर थोडासा मोबदला ठेवायचा तर तिच्या हातात असलेल्या कामाचाच ठेवावा. केंद्रांना आणि गाव समित्यांना त्यांचा अबंधित निधी वेळेवर द्यावा आणि खर्च करू द्यावा. आणि मोजायचंच तर गावाला मोजू द्यावं.

वाचकाने एवढं करावं. तुमच्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. पुढच्या ग्रामसभेत तिचा निधी आला का, कशावर गेला, हे विचारा. आणि तुमच्या आशाताईंना विचारा की शेवटचं बिल कुठल्या महिन्याचं निघालं. योजनेवर काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार मानून किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्यावं, अशी शिफारस ४५व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३मध्ये केली होती. ती अजून अमलात आलेली नाही.